लिलॅकला थंडी, मोगऱ्याला ताण

मे महिन्यात मराठवाड्यातली अंगणं भाजून निघत असतात. नळाला आठवड्यानं पाणी येतं, ड्रम भरून ठेवायची धांदल असते, आणि नेमके त्याच दिवसांत बोस्टन-शिकागोकडच्या लेकीचे, भाच्याचे फोटो फोनवर येऊन पडतात. कुंपणाला टेकलेलं पुरुषभर उंचीचं झुडूप, त्यावर फिक्या जांभळ्या फुलांचे भरगच्च तुरे, आणि खाली एवढंच लिहिलेलं की वास पाठवता येत नाही. लिलॅकची ओढ लागते ती अशी. फोटोला वास नसतो म्हणून ती जास्तच लागते. मग रोपवाटिकेत चौकशी, बियांची पाकिटं, आणि शेवटी एकच प्रश्न: हे आपल्याकडे लागेल का?

लागेल, पण फुलणार नाही. हे उत्तर आधीच सांगून टाकलेलं बरं. मात्र ते का फुलणार नाही हे नीट कळलं, तर आपल्या अंगणात काय फुलेल आणि ते कसं फुलवायचं, हेही त्यातच सापडतं. म्हणून हा लेख अर्धा लिलॅकचा आहे आणि अर्धा मोगऱ्याचा.

लिलॅक म्हणजे सिरिंगा वल्गॅरिस. मूळचं बाल्कन डोंगरांतलं, खडकाळ चुनखडीच्या उतारांवरचं झुडूप. सोळाव्या शतकात ते कॉन्स्टँटिनोपलच्या बागांतून व्हिएन्नाला गेलं आणि तिथून युरोपभर पसरलं. नाव मात्र आपल्या ओळखीचं आहे. इंग्रजीतला ‘लिलॅक’ फ्रेंच आणि स्पॅनिशमधून, त्याआधी अरबीतून आला. त्याचं मूळ फारसीतल्या ‘नीलक’ म्हणजे निळसर या शब्दात आहे. त्या फारसी ‘नील’चं आणि आपल्या ‘नीळ’चं कूळ एकच. पुढे १८७० नंतर फ्रान्समधल्या नान्सी गावात व्हिक्टर लमोईन या माळ्यानं दुहेरी फुलांचे वाण काढले. नजर अधू झाल्यावर त्याच्या बायकोनं शिडीवर चढून बारीक फुलांचं परागीकरण केलं. आज फोटोत दिसणारे बरेचसे भरगच्च तुरे त्या दोघांच्या कष्टांची वंशावळ सांगतात.

आता थंडीचं. लिलॅक पुढच्या वर्षीच्या फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार करून ठेवतं. फांदीच्या टोकाला, खवल्यांच्या आत मिटलेला अख्खा तुरा हिवाळाभर बसलेला असतो. ती कळी नुसती ऊब लागली म्हणून उघडत नाही. आधी तिची झोप पुरी व्हावी लागते, आणि झोप मोजायचं माप म्हणजे साधारण सात अंशांखालचे तास. बहुतेक जुन्या वाणांना असे हजारेक तास लागतात. म्हणजे बेचाळीस दिवस, रात्रंदिवस, फ्रीजच्या खालच्या कप्प्याएवढी थंडी.

परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा कधीकधी पाच अंशांच्याही खाली जातो, पेपरात शेकोट्यांचे फोटो येतात, आणि वाटतं की एवढी थंडी पुरे की! पण हिशोब मांडून बघा. समजा पूर्ण हिवाळ्यात दहा रात्री अशा कडाक्याच्या मिळाल्या आणि प्रत्येक पहाटे चार तास पारा सातच्या खाली राहिला, तर झाले चाळीस तास. त्यातही दुपारी अठ्ठावीस-तीस अंशांचं ऊन पडतं, आणि दिवसाची ऊब रात्री साठलेली थंडी पुसून टाकते. सफरचंदाच्या बागांसाठी थंडीचा हिशोब ठेवणारे अनेक लोक ही वजाबाकी धरतात. लातूर, बीड, धाराशिव, नांदेड, कुठेही ही बेरीज जमत नाही. रोप जगलंच, तर पानं येतील, कळी अर्धवट झोपेत राहील, आणि मे महिन्याच्या त्रेचाळीस अंशांत पानांच्या कडा करपून झाड हळूहळू मागे हटेल.

फ्रीजचा उपाय अनेकांना सुचतो, आणि तो अगदी चुकीचा नाही. नेदरलँड्समधल्या आल्समीर गावात लिलॅकचा कापणीच्या फुलांचा धंदाच तशा युक्तीवर उभा आहे. तळ्यातल्या बेटांवर झुडपं वाढवायची, पानगळ आणि थंडी झाल्यावर मुळांच्या गड्ड्यासकट होडीत घालून काचघरात आणायची, तिथे ऊब द्यायची, की ऐन हिवाळ्यात तुरे फुलतात. पण त्यांना थंडी आकाशातून फुकट मिळते, विकत घ्यावी लागते ती ऊब. आपलं उलटं आहे. बारा इंची कुंडीतलं झाड दीड-दोन महिने घरच्या फ्रीजमध्ये ठेवणं म्हणजे फ्रीज गेलाच, शिवाय शेजारी केळी-सफरचंद असतील तर त्यांतून निघणाऱ्या वायूनं कळ्या मरतात. बाहेर काढावं तर फेब्रुवारीतच बत्तीस अंश. एखादा तुरा मिळेलही, पण झाडाच्या जिवावर मिळेल.

बियांच्या पाकिटांबद्दल एक सावधगिरी. ‘पर्शियन लिलॅक’ हे इंग्रजी नाव आपल्या बकाण निंबालाही लावलेलं आहे, त्यामुळे लिलॅक म्हणून मागवलेल्या बियांतून बकाण उगवला तर नवल नाही. ओळख सोपी आहे. खऱ्या लिलॅकचं पान साधं, अखंड, हृदयाच्या आकाराचं असतं आणि दोन पानं समोरासमोर येतात. बकाणाचं पान कडुनिंबासारखं पण दोनदा विभागलेलं, एकाआड एक. कोवळ्या रोपावरही हा फरक दिसतो. लेबलवर ‘सिरिंगा’ हा शब्द नसेल तर पैसे देऊ नयेत, आणि असला तरी वर सांगितलेला हिशोब आठवावा.

उष्ण प्रदेशात लिलॅक फुलवायचा सगळ्यात गंभीर प्रयत्न कॅलिफोर्नियात झाला. लॉस एंजेलिसजवळच्या डेस्कान्सो बागेत वॉल्टर लॅमर्ट्स यांनी कमी थंडीवर फुलणारे वाण तयार केले. ‘लॅव्हेंडर लेडी’ हा त्यांतला गाजलेला वाण. तिथलाही हिवाळा आपल्यापेक्षा बराच लांब आणि थंड असतो, तरी थंडी कमी पडतेच. मग तिथले माळी काय करतात? सप्टेंबरच्या शेवटापासून झाडाचं पाणी कमी करत आणतात. झाडाला वाटतं दिवस वाईट आले, ते वाढ थांबवतं, पानं सोडतं, झोपतं. हिवाळा सरताना पुन्हा पाणी सुरू केलं की जागं होऊन फुलतं.

जालन्याच्या किंवा पैठणच्या मोसंबीवाल्याला हे वाचून हसू येईल, कारण तो दरवर्षी हेच करतो. बाग ताणावर सोडणं म्हणतात त्याला. आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीचा फुलोरा, धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. पानं पिवळी पडून गळू लागली की मशागत, खत, आणि मग बेतानं पाणी. झाड फुलानं लदबदून जातं. थंड देशातल्या झाडाला जे काम हिवाळा करून देतो, ते आपल्याकडे कोरडेपणा करून देतो. मराठवाड्याला पाण्याची ओढ नवी नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. माणसासाठी ती आपत्तीच, आणि तिचं कौतुक कुणी करू नये. पण ज्या झाडाची झोप थंडीवर नाही तर ताणावर बेतलेली आहे, त्या झाडाला आपली जमीन आणि आपलं हवामान घरचं असतं.

आणि अशी झाडं लिलॅकच्या भाऊबंदांतच आहेत. लिलॅक, जैतून म्हणजे ऑलिव्ह, मोगरा, जाई, जुई, कुंद आणि पारिजातक ही सगळी वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातली. पहाटे पडलेलं पारिजातकाचं फूल हातात घ्या, केशरी देठ नखानं उभा चिरा. आत नळीच्या तोंडाशी चिकटलेले पुंकेसर मोजा. दोनच. जाईची नळी चिरा, तिथेही दोन. लिलॅकच्या तुऱ्यातलं एक फूल चिरलं तर त्याच्या नळीतही दोनच. पाकळ्या लिलॅकला चार, जाईला पाच, पारिजातकाला पाच ते आठ, त्यांचा काही भरवसा नाही. हे दोन पुंकेसर मात्र घराण्याची खूण आहेत. दुहेरी मोगऱ्यात ती खूण दिसणार नाही, कारण तिथे पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात.

वासातही नातं आहे. मोगऱ्याच्या वासात लिनालूल नावाचा एक घटक ठळक असतो. लिलॅकचं झाड त्याच लिनालूलवर पुढे काम करून त्याचं लिलॅक अल्डिहाइड बनवतं, आणि फोटोतून न येणारा तो खास वास त्यातून येतो. लिलॅकच्या फुलातून अत्तर काढणं मात्र जवळजवळ जमत नाही. बाटलीत मिळणारा लिलॅक टर्पिनिऑलसारखी रसायनं जुळवून केलेला असतो. मोगऱ्याचं आणि जाईचं अत्तर फुलातूनच निघतं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता मोगरा लावायचा कसा. जागा आधी ठरवावी. किमान सहा तास थेट ऊन हवं. भिंतीआड, आंब्याखाली लावलेला मोगरा हिरवागार राहतो आणि फुलत नाही. ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे. काळ्या जमिनीत दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा. निघालेल्या मातीत एक तृतीयांश जाडसर मुरूम किंवा रेती, दहा किलो चांगलं कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड मिसळून जूनमध्ये पहिल्या पावसानंतर भरावा, तोही जमिनीच्या वर चार-सहा इंच उंचवटा राहील असा. काळी माती ऑगस्टच्या झडीत पाणी धरून बसते आणि मोगऱ्याच्या मुळांना श्वास कोंडलेला चालत नाही. मुरमाड जागेत उलट करावं, तळ्यातला गाळ आणून खड्ड्यात अर्धा भरावा. दोन झाडांत चार-पाच फूट अंतर. बोनमील घालायचा मोह टाळावा. आपली जमीन चुनखडीची, सामू (पीएच) साडेसातच्या वर, तिथे हाडांच्या चुऱ्यातला स्फुरद झाडाला मिळतच नाही. त्याऐवजी खड्ड्यात शंभर ग्रॅम सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून द्यावं.

कुंडीत लावायचा असेल तर चौदा-सोळा इंचांपेक्षा लहान कुंडी घेऊ नये. तळाला एक नाही, चार-पाच भोकं हवीत. दर दोन वर्षांनी छाटणीच्या वेळी गड्डा बाहेर काढून कडेची दीड-दोन इंच मुळं कापून नवी माती भरावी लागते. हे न केल्यानं कुंडीतला मोगरा तिसऱ्या वर्षी रुसतो, आणि दोष खताला दिला जातो.

पहिली दोन वर्षं ताणाच्या भानगडीत पडू नये, झाड बांधू द्यावं. तिसऱ्या वर्षापासून डिसेंबरच्या दहा तारखेच्या आसपास पाणी तोडावं. भारी जमिनीत वीस-पंचवीस दिवस, मुरमाड जमिनीत दहा-बारा. दिवसांपेक्षा झाडाकडे बघावं. शेंड्याची वाढ थांबते, मग खालची पानं पिवळी पडतात, मग निम्मीअर्धी गळतात. दुपारी पान लवलेलं दिसलं तरी पहाटे सावरलेलं असेल तर ताण बरोबर चालला आहे. पहाटेही पान लवलेलंच असेल आणि कोवळ्या काडीची साल सुरकुतली असेल तर ताण जास्त झाला, लगेच हलकं पाणी द्यावं. कुंडीला मात्र पाणी पूर्ण तोडायचं नाही. कुंडी चार दिवसांत कोरडी ठणठणीत होते. तिला रोजच्या एक चतुर्थांश पाण्यावर ठेवावं, एवढंच.

मग छाटणी, जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. इथे हात आखडता घेतला की वर्ष गेलं म्हणून समजा. मोगरा नव्या फुटीच्या टोकाला फुलतो. जुनी काडी ठेवली तर तिच्यावर पानंच येणार. झाड जमिनीपासून दीड फुटावर बिनधास्त कापावं. वाळलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि आत वळलेल्या काड्या बुडातून काढाव्यात. कटर धारदार हवा. काप डोळ्याच्या वर साधारण पाव इंच, आणि बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्यावर. जवळून बघितलं तर पानाच्या जुन्या खुणेच्या वरच्या बेचक्यात मोहरीच्या दाण्याएवढा फुगवटा दिसतो, तोच डोळा. काप फार वर घेतला तर मधला तुकडा वाळून खाली उतरतो आणि डोळ्यालाही घेऊन जातो. फार खाली घेतला तर डोळाच जखमी होतो. बोटाएवढ्या जाड कापांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावावी. उरलेली सगळी पानं हातानं ओरबाडून काढावीत, कारण त्यांत लाल कोळी आणि बुरशी दडून बसते.

लिलॅकची गोष्ट इथे बरोब्बर उलटी आहे. त्याच्या कळ्या जुन्या काडीवर आधीच बसलेल्या असतात, म्हणून जानेवारीत कापलं की त्या वर्षीची फुलं कचऱ्यात गेली. तिकडच्या लेकरांनी अंगणात लिलॅक लावलं असेल तर त्यांना हे जरूर कळवा: छाटणी फुलं सरल्यावर दोन-तीन आठवड्यांत उरकायची, दरवर्षी सगळ्यांत जुन्या खोडांपैकी एक तृतीयांश बुडातून काढायची, नत्राचं खत हात राखून द्यायचं, आणि लॉनला टाकलेलं खत मुळांशी जाऊ द्यायचं नाही. नवं झाड फुलायला तीन-चार वर्षं घेतं, धीर धरायचा. कलम प्रिव्हेट या दुसऱ्या झाडावर बांधलेलं असेल तर बुडातून येणारी वेगळ्या, लहान पानांची फूट वेळच्या वेळी तोडायची, नाहीतर लिलॅक जाऊन प्रिव्हेट उरतं. ऊन सहा तास, तिकडेही.

परत मोगऱ्याकडे. छाटणीनंतर आळं हलक्या हातानं चार बोटं खोल उकरून दोन-तीन दिवस ऊन लागू द्यावं. मग मोठ्या झाडाला दहा किलो शेणखत, पाव किलो निंबोळी पेंड, वरून मातीचा थर. पहिलं पाणी हलकं, आंबवणीचं. चार-पाच दिवसांनी दुसरं, चिंबवणीचं. त्यानंतर नेहमीच्या पाळीनं. पहिल्याच दिवशी आळं तुडुंब भरलं तर झाड फुलं विसरून नुसती पालवी काढतं, ताण वाया जातो. दहा-पंधरा दिवसांत लालसर-हिरवी फूट दिसते, पुढच्या पाच-सात आठवड्यांत कळी धरते. मार्चमध्ये पहिली कळी, एप्रिल-मेमध्ये भर. एक बहर ओसरला की फुललेला शेंडा दोन पानं ठेवून खुडत जावा. महिन्याभरात खालून दोन फुटी येऊन पुन्हा कळ्या धरतात. एवढ्या एका सवयीनं हंगाम जूनपर्यंत लांबतो.

उन्हाळ्यात पाणी किती? जमिनीतल्या मोठ्या झाडाला काळ्या मातीत तिसऱ्या दिवशी आठ-दहा लिटर पुरतं, संध्याकाळी. आळ्यात सोयाबीनच्या भुसकटाचं किंवा उसाच्या पाचटाचं तीन-चार इंच आच्छादन घातलं तर पाळी आणखी एक दिवस पुढे जाते. आच्छादन खोडापासून वीतभर दूर ठेवावं, नाहीतर वाळवी लागते. आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं पाणी मात्र मोगऱ्याला घालू नये. पाण्याच्या टंचाईत ते फेकवत नाही हे खरं, पण बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. फरशी पुसावी, संडासात वापरावं. एसीचं गळणारं पाणी आणि पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी मात्र या झाडासाठी अमृत आहे.

कठीण पाण्याचा पहिला परिणाम पानावर दिसतो. नवं पान फिकट पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं जाळं दिसलं की ती लोहाची कमतरता. जमिनीत लोह असतं, चुनखडी त्याला बांधून ठेवते. दुकानदार ‘ईडीटीए’ प्रकारचं चिलेटेड लोह देतो, ते आपल्या जमिनीत टिकत नाही. मुळाशी द्यायचं तर ‘ईडीडीएचए’ प्रकारचंच मागावं, मोठ्या झाडाला पाच ते दहा ग्रॅम पाण्यात विरघळवून. स्वस्तातला उपाय म्हणजे फवारणी: एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व, ऊन उतरल्यावर, दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा. जुनं पान पिवळं पडत असेल आणि नवं हिरवं असेल, तर लोहाचा संबंध नाही. तिथे नत्र कमी पडलेलं असतं किंवा मुळाशी पाणी साचलेलं असतं. हा फरक न बघता औषध घालू नये.

कीड म्हणाल तर कळीतली अळी ही खरी वैरीण. कळीला टाचणीएवढं भोक, आत हिरवट अळी, बाजूला काळसर विष्ठा, आणि शेजारच्या कळ्या जाळ्यानं चिकटलेल्या. दुसरी एक बारीक माशी आहे, तिच्यामुळे कळी बुडाशी फुगते, गुलाबी-जांभळट होते आणि न उघडताच गळते. दोन्हींना पहिला उपाय हातांचा: किडक्या कळ्या रोज वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात आणि खाली गळून पडलेल्या कळ्याही गोळा कराव्यात, कारण पुढची पिढी मातीत तयार होते. दुसरा उपाय निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांचा मगज कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी फडक्यातून गाळून चिमूटभर साबणचुरा घालावा आणि त्याच दिवशी फवारावा. कळ्या तांदळाएवढ्या असताना पहिली फवारणी, दर आठ दिवसांनी पुढच्या दोन. ऐन उन्हाळ्यात पानं धुरकट, खरखरीत दिसली आणि मागे बारीक जाळी आढळली तर लाल कोळी. त्याला कोरडी हवा आवडते. पानांच्या मागच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस मारला तरी अर्धं काम होतं.

पारिजातकाला एवढे लाड लागत नाहीत. उन्हाळ्यात पानं खरखरीत होऊन गळली तरी घाबरू नये, ते झाड स्वतःच ताणावर जातं. चपट्या गोल बोंडात दोन बिया असतात, पावसाळ्यात लावाव्यात. काडीही लागते. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत फुलतं, आणि फुलं फांद्यांच्या टोकांना येतात म्हणून फुलं सरल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, एक तृतीयांश छाटलं की पुढच्या वर्षी टोकं वाढतात. फक्त पाणी साचणाऱ्या जागी लावू नये, दोन पावसाळ्यांत मूळ कुजतं.

मोगरा ओसरतो तिथे जाई सुरू होते, जून ते नोव्हेंबर. तिला मांडव लागतो. छाटणी जानेवारीतच.

राहिला रंग. लिलॅकच्या ओढीतला निम्मा भाग त्या जांभळ्याचा असतो आणि तो मोगरा देऊ शकत नाही. बकाण देतो. पानगळ होऊन नवी पालवी येते त्याच सुमारास, फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्याला फिक्या जांभळ्या सुवासिक फुलांचे घोस येतात आणि लांबून बघणाऱ्याची खरंच फसगत होते. पण तो वृक्ष आहे. भिंतीपासून पंधरा-वीस फूट जागा असेल तरच लावावा, आणि त्याची पिवळी फळं विषारी असतात, म्हणून लहान मुलं खेळतात त्या अंगणात तर नकोच. छोट्या अंगणाला माझी पसंती निर्गुडीला आहे. ओढ्याकाठी, बांधावर आपोआप उगवणारी, शेळीही तोंड न लावणारी निर्गुडी बागेत लावायला लोक लाजतात. का, ते कळत नाही. ती फेब्रुवारीत गुडघाभर उंचीवर कापून थोडं पाणी दिलं की नव्या फुटीवर निळसर-जांभळे तुरे येतात. त्या रंगासाठी ‘नीलक’ हा शब्द चपखल बसतो. कुंपणालगत निर्गुडी, तिच्यापुढे तीन फुटांवर मोगऱ्याची रांग लावावी. ज्या वर्षी दोघांचा फुलोरा एकत्र येतो, त्या वर्षी संध्याकाळी जांभळं मागे दिसतं आणि वास पुढून येतो.

मोगऱ्याच्या कळ्या दुपारी चारनंतर खुडाव्यात. पांढरी, टपोरी झालेली पण टोक घट्ट मिटलेली कळीच घ्यावी. हिरवट झाक असेल तर ती उद्याची, झाडावरच राहू द्यावी. देठाला नख लावून हलकी पिरगाळली की कळी सुटते, ओढली तर शेंडा तुटतो. ओल्या सुती फडक्यात सैल गुंडाळून माठाजवळ ठेवाव्यात, पाण्यात बुडवू नयेत. रात्री आठच्या सुमारास फडकं उघडलं की बाहेरच्या पाकळ्या सुटायला लागलेल्या असतात.